कमरेतून वाकणारा नवरा

माझा नवरा फोनवर बोलतानाही वाकतो. समोर कुणी नसतं, पलीकडच्या माणसाला काही दिसत नसतं, तरी हा मोबाइल कानाला लावून आमच्या ब्रिस्टलच्या किचनमध्ये फ्रिजपुढे कमरेतून वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आता डोकं उठतं.

अवधूत मूळचा पुण्याचा, कर्वेनगरचा. पुण्यात गल्लोगल्ली जपानीचे क्लास, त्यातल्या एकात हाही जायचा. इंजिनिअरिंग करता करता परीक्षा दिल्या, एका जपानी कंपनीने उचललं आणि नागोयाला नेलं. लग्नानंतर मीही तिथे बारा वर्षं काढली. अक्षरा तिथल्याच बालवाडीत आणि प्राथमिक शाळेत गेली. मग कंपनीने त्याला इथल्या कारखान्यात पाठवलं. विमानात डोक्यावर सामानाचे कप्पे असतात ना, त्यांच्या झाकणांची बिजागरं इथे बनतात. अवधूत त्या लाइनचा प्रमुख. नागोया सुटलं, पण नवऱ्यातलं जपान काही सुटलं नाही.

बूट काढले की त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची. जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणायचं. लहानपणी हाच मुलगा ताटावर श्लोक म्हणायला सांगितला की पळून जायचा, असं सासूबाई सांगतात. कौन्सिलने रिसायकलिंगचे वेगवेगळे डबे दिले त्या दिवशी तर त्याला दिवाळी झाली. दह्याचे रिकामे डबे तो घासून, पुसून, एकात एक घालून बाहेर ठेवतो. कचऱ्याची गाडी येते, तिच्यावरची माणसं सगळं एकाच झटक्यात उपडं करून जातात, आणि हा खिडकीतून त्यांना मान लववतो.

आणि रजा. एक दिवसाची रजा घेतली तरी परत जाताना ऑफिससाठी काहीतरी खाऊ न्यायचाच. कॉर्नवॉलला गेलो तर फज, वॉटफर्डला मित्राकडे गेलो तर तिथल्या दुकानातली काजूकतली. मी एकदा म्हटलं, “अरे, रजा तुझ्या हक्काची आहे. तू सॉरी कशाबद्दल म्हणतोस?”

“सॉरी नाही गं. माझ्यामागे त्यांनी काम सांभाळलं, त्याची जाणीव.”

हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. नागोयात आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायला आली तेव्हा सामान हलवताना आवाज होईल म्हणून आदल्या दिवशी येऊन, हातात छान गुंडाळलेला टॉवेल ठेवून माफी मागून गेली होती. मला ते इतकं आवडलं की मी आईला फोन करून सांगितलं. पण तिथे ती वाकली तेव्हा मीही वाकले. एक जण वाकला की दुसरा वाकतोच, आणि दोघं एकदमच सरळ होतात. इथे एकटाच वाकला की लोक त्याच्या पाठीवर सामान ठेवतात. एवढी साधी गोष्ट याला कळत नव्हती, आणि ती सांगता सांगता माझा जीव मेटाकुटीला आला.

झालं ते असं. जानेवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी अवधूतने रजा काढली. माझी मावसबहीण वेम्बलीला राहते, तिच्याकडे हळदीकुंकू होतं, आणि तिथल्या ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांतून महिन्याचं सामानही भरायचं होतं. संध्याकाळी परत येताना एम-फोरवर रेडिंगच्या आसपास गाडीतल्या स्पीकरवर देवचा फोन आला. देव अवधूतच्या हाताखाली तपासणीचं काम बघतो. जन्म आणि शिक्षण इथलंच, मराठी बोलतो पण धक्के खात.

“अवधूत, क्रेगने तो बॅच पाठवली. मी त्याला सांगितला, फायनल चेक बाकी आहे, अवधूत नाही आहे आज. तो म्हणाला मन्थ एंड आहे, जस्ट शिप इट.”

क्रेग म्हणजे कारखान्याचा ऑपरेशन्स मॅनेजर, अवधूतचा साहेब.

“गेली बॅच?” अवधूतने विचारलं.

“हो, लॉरी गेला. आय डिडन्ट नो व्हॉट टु डू.”

“ठीक आहे. तू काळजी करू नकोस. सोमवारी बघू.”

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. मागच्या सीटवर अक्षरा होती, तिनेही ऐकलं. सोमवारी अवधूत हळदीकुंकवातल्या तिळगुळाच्या वड्या डब्यात घालून ऑफिसात घेऊन गेला. रजा घेतली होती ना. क्रेगने दोन वड्या खाल्ल्या म्हणे, आणि फार गोड बोलला.

त्याच आठवड्यात बॅच परत आली. बिजागरं मापात नव्हती, कप्प्याची झाकणं बसेनात. सुदैवाने ती अजून कुठल्या विमानात गेली नव्हती, पण गिऱ्हाईक कंपनीची लाइन बंद पडली आणि त्यांची तीन माणसं तणतणत ब्रिस्टलला आली. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, हे कसं झालं. क्रेग टेबलाच्या टोकाला बसला होता. अवधूत उठला, खुर्ची मागे सारली, दोन्ही हात मांड्यांना लावून वाकला आणि म्हणाला, हे माझ्या लाइनवर झालं आहे, जबाबदारी माझी आहे, मी मनापासून क्षमा मागतो.

हे मला त्यानेच सांगितलं. त्या संध्याकाळी तो चक्क समाधानात होता. बरेच दिवस अडलेला नळ सुटावा तसा चेहरा.

“आणि क्रेग?” मी विचारलं.

“क्रेग काय?”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. तो नोट्स घेत होता.”

मी भाकरी थापत होते, ती तशीच परातीत राहिली. “अवधूत, तू त्या दिवशी ब्रिस्टलमध्येसुद्धा नव्हतास.”

“तो प्रश्नच नाही. लाइन माझी आहे.”

मग मला मोरींची गोष्ट ऐकावी लागली. ही मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगेन. नागोयात मोरी नावाचे त्याचे सेक्शन हेड होते. एकदा एका पुरवठादाराच्या चुकीने माल खराब गेला. मोरींचा काडीचा संबंध नव्हता, तरी ते स्वतः मिठाईचा खोका घेऊन गिऱ्हाइकाकडे गेले आणि वाकून उभे राहिले. गिऱ्हाइकाने त्यांना बसवलं, चहा दिला, पुढची ऑर्डरही दिली. परत आल्यावर मोरींनी कुणालाच बोल लावला नाही. सगळ्यांना बसवून फक्त विचारलं, हे का झालं? मग त्याचं का? मग त्याचंही का? उत्तरात माणसाचं नाव घ्यायला बंदी होती. चूक पद्धतीची असते, माणसाची नसते. अवधूत तेव्हा पंचविशीत होता. तो त्या दिवशी मोरींचा झाला तो झालाच.

“मोरींच्या शेजारी मोरींचे साहेब होते ना? ते गप्प बसून नोट्स घेत होते का?” मी विचारलं.

“त्यांनीही माफी मागितली. नंतर. वेगळी.”

“मग क्रेगची नंतरची कधी येणार आहे?”

क्रेगची नंतरची आली ती एचआरच्या ईमेलमधून. गंभीर हलगर्जीपणाबद्दल डिसिप्लिनरी हिअरिंग, मार्चमधल्या एका मंगळवारी. त्यात लिहिलं होतं की अवधूतने ग्राहकासमोर स्वतःहून संपूर्ण जबाबदारी स्वीकारली आहे, आणि ऑपरेशन्स मॅनेजरने त्याला दुजोरा दिला आहे. बाकी कुणाचा उल्लेख नव्हता.

आता यात काय पणाला लागलं होतं ते सांगते. इथला आमचा व्हिसा त्या नोकरीवर टांगलेला. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. पुढच्या वर्षी आम्ही कायम राहण्यासाठी अर्ज करणार होतो. अक्षरा इयर टेनला, म्हणजे जीसीएसई या इथल्या बोर्डाच्या परीक्षेच्या अभ्यासाच्या ऐन मध्यावर. नागोया सोडलं तेव्हा ती महिनाभर शाळेत कुणाशी बोललीच नव्हती. आता कुठे पोरीला मैत्रिणी झाल्या आहेत, नेटबॉलच्या टीममध्ये आहे, आणि कालपरवापासून ‘आपलं घर’ म्हणजे ब्रिस्टल म्हणायला लागली आहे. माझी शाळेतली असिस्टंटची नोकरीही त्याच व्हिसाला बांधलेली. आणि हे सगळं वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं. मी रजेवर होतो, माल क्रेगने पाठवायला सांगितला. बस.

ते वाक्य त्याच्या तोंडून काढायला मी काय काय केलं. गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, अबोला धरला. अबोल्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही, त्याला ते आदराचं लक्षण वाटतं.

“देवला सांग ना बोलायला,” मी म्हटलं. “त्याने क्रेगला सरळ सांगितलं होतं चेक बाकी आहे म्हणून.”

“देव स्वतःच म्हणाला, मी सांगतो. मीच त्याला म्हटलं, तू यात पडू नकोस.”

“का पण?”

“त्याची बायको बाळंतपणाला टेकली आहे. त्याला उगाच क्रेगच्या डोळ्यांवर कशाला आणायचं?”

“आणि आपण? आपण कुणाच्या डोळ्यांवर आहोत?”

“मीनल, तू फार पुढचा विचार करतेस. हिअरिंगमध्ये पद्धतीबद्दल बोलता येईल. चेक झाल्याशिवाय लॉरीचं गेट उघडायलाच नको, अशी सिस्टिम हवी. मी ड्रॉइंग केलं आहे.”

खरंच केलं होतं. नोकरी जायची वेळ आली आणि हा माणूस गेटचं ड्रॉइंग करत होता. अक्षरा जिन्यात बसून ऐकत होती. ती खाली आली आणि म्हणाली, “बाबा, जस्ट से इट वॉजन्ट यू. इट्स नॉट इव्हन लाइंग.” त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मोठी झालीस की कळेल. ती वर गेली आणि दार आपटलं. मला ते दार आपटणं फार बरं वाटलं, कारण मला आपटायला दार उरलं नव्हतं.

हिअरिंगच्या आधीच्या शनिवारी हायामासान (‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’) आमच्याकडे येणार होते. हायामासान इथल्या कारखान्याचे सर्वांत वरचे साहेब, क्रेगच्याही वरचे. त्यांची नागोयाला बदली झाली होती. जपानमध्ये एप्रिलपासून कामकाजाचं नवं वर्ष धरतात, बदल्या तेव्हाच होतात, आणि जाण्याआधी माणूस सगळ्यांना भेटून, इतके दिवस त्रास दिला म्हणून आभार मानून जातो. बाकीच्यांना ते ऑफिसातच भेटले. आमच्याकडे घरी यायचं म्हणाले, कारण नागोयापासूनची ओळख.

मला वाटलं, नवस फळला. एचआर त्यांचं ऐकणार. त्यांनी एक शब्द टाकला तर मंगळवारचा प्रकार जागच्या जागी थांबेल.

“तू त्यांच्याशी बोलणार आहेस ना?” मी विचारलं.

“अजिबात नाही. ते निरोप घ्यायला येतायत. अशा वेळी असं काही काढायचं नसतं. आणि मीनल, तूही नाही. प्लीज. चहा, पोहे, हवापाणी.”

मी हो म्हटलं. म्हणताना मनापासून म्हटलं होतं, हे नमूद करते.

शनिवारी हायामासान ठरल्या वेळेच्या ठोक्याला आले. दारात बूट काढले, वाकून त्यांची तोंडं दाराकडे केली. अवधूतच्या बुटांशेजारी त्यांचे बूट असे ओळीत बसले की जणू दुकानात मांडलेत. मग भेटीचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला, अगदी क्षुल्लक आहे म्हणाले. मी दोन्ही हातांनी घेतला आणि न उघडता बाजूला ठेवला. चहा नको म्हणाले, मी आग्रह केला, पुन्हा नको म्हणाले, मी पुन्हा केला, मग घेतला. एवढं मला कुणी शिकवावं लागलं नाही, आमच्या सदाशिव पेठेतल्या आत्याकडेही हेच चालायचं.

ते पोहे चवीने खात होते. साठीचा माणूस, थकलेला चेहरा, बोलणं मऊ. ब्रिस्टलच्या टेकड्यांनी गुडघे दुखतात म्हणाले. इथले लोक पावसाला इतकी नावं ठेवतात, पण छत्री घेत नाहीत, याचं त्यांना नवल वाटत होतं. अवधूत हसत होता. मीही हसले. मग त्यांनी विचारलं, अक्षरासान कशी आहे, अभ्यास कसा चाललाय?

आता याला मी काय करू? त्यांनी बाकी काहीही विचारलं असतं तर मी गप्प बसले असते.

मी इंग्रजीत म्हटलं, “अभ्यास चांगला चाललाय. पण मे महिन्यात ती या देशात असेल की नाही हे आम्हाला माहीत नाही. मंगळवारी अवधूतची नोकरी जाईल. आणि ज्या चुकीसाठी जाणार आहे ती त्याने केलेली नाही. तो त्या दिवशी माझ्याबरोबर वेम्बलीला होता. चेक न करता माल पाठवायला क्रेगने सांगितलं. तपासणीवाल्याने अडवलं, तरी सांगितलं. तो फोन मी स्वतः ऐकला आहे.”

अवधूत माझ्याकडे बघत नव्हता. हायामासानांनी चमचा बशीत ठेवला. दातांमधून लांबलचक श्वास आत ओढला. ही खूण मला माहीत आहे. अवघड आहे, असं तोंडाने म्हणण्याऐवजी ते लोक असा श्वास घेतात. मला वाटलं, संपलं, आता ते घड्याळ बघतील.

पण त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी मान वर केली आणि अवधूतकडे वळून सरळ विचारलं. जपानीतच, पण अगदी साध्या शब्दांत. “अवधूतसान, हे खरं आहे का?”

मी बारा वर्षं तिथे राहिले आहे. वरचा माणूस खालच्याला असं तोंडावर कधी विचारत नाही. तो विचारतो तेव्हा त्याने स्वतःची रीत बाजूला ठेवलेली असते. या माणसाने जायच्या आठवड्यात, आमच्या सोफ्यावर बसून, माझ्या नवऱ्यासाठी दार उघडून धरलं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. जपानीत तर त्याला दोन अक्षरंही पुरली असती.

अवधूत उठला. कॉफी टेबलाला वळसा घालून मोकळ्या जागेत गेला, हात मांड्यांना लावले आणि वाकला. इतका खोल वाकलेला मी त्याला पाहिला नव्हता. वाकलेल्या अवस्थेतच तो जपानीत बोलला, आणि मला ते सगळं कळलं. तो म्हणाला, माझी बायको अजाण आहे. कारखान्यातलं तिला काही समजत नाही. व्हिसाच्या काळजीने तिच्या मनाचे खेळ चालले आहेत. निरोपाच्या वेळी तिने आपल्याशी हा उद्धटपणा केला, ही सर्वस्वी माझी चूक, मी तिला नीट समजावलं नाही. तिच्या वतीने मी क्षमा मागतो, तिला माफ करा.

परक्यासमोर घरच्या माणसाला कमी लेखायचं, ही तिकडची बोलायची रीत आहे. माझी वेडी बायको, माझा ढ मुलगा, असं म्हणतात. त्यात अपमान नसतो. हे मला कुणी सांगायला नको. तरी माझे कान तापले आणि हातातली बशी मला खाली ठेवावी लागली.

हायामासानांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, आता त्यांना काही करायची गरज उरली नव्हती. तेही उठून वाकले. मग माझ्याकडे वळून मलाही वाकले, म्हणाले, आपल्याला फार काळजी सोसावी लागते आहे, मी दिलगीर आहे. नंतर दहा मिनिटं बसून त्यांनी पोहे संपवले, कारण पानात टाकणं बरं दिसत नाही. अवधूत त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर वाकून उभा राहिला. समोरच्या घरातली म्हातारी पडदा सारून बघत होती.

तो आत आल्यावर मी म्हटलं, “दीड महिना तू एका माणसाचं नाव घेतलं नाहीस. क्रेगचं नाही, देवचं नाही. चूक माणसाची नसते ना? मग आज कशी झाली माणसाची? माझी बरी झाली?”

“मीनल, ती फॉर्मॅलिटी असते. तुला माहितेय.”

“ते विचारत होते तुला. तुझ्यासाठी विचारत होते.”

“ते विचारत होते म्हणून तर. मी हो म्हटलं असतं तर जायच्या आधी त्यांना क्रेगशी भांडावं लागलं असतं. इतक्या वर्षांच्या माणसाला जाता जाता असं अडचणीत टाकायचं?”

“आणि आम्हाला टाकायचं?”

“तुम्हाला कुठे टाकलं?” त्याला खरंच कळलं नव्हतं. “आपण तिघं एकाच बाजूला आहोत ना.”

बोलून बोलून माझी जीभ दमली होती. त्याने बशा उचलल्या, घासल्या, पुसून जागेवर लावल्या आणि खोक्यावरचा कागद न फाडता सोडवून घडी करून ठेवला. आत गोड वड्या होत्या. त्या अक्षराने खाल्ल्या, मी तोंडाला लावल्या नाहीत.

मंगळवारी तो दुपारीच घरी आला. दाराचा आवाज झाला तेव्हा मी शाळेतून अर्धा दिवस घेऊन बसले होते, उगाच कणीक मळत. त्याने बूट काढले, वळवून ठेवले, हात धुतले आणि किचनच्या दारात उभा राहिला.

“नाही ठेवलं,” तो म्हणाला.

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. “काय झालं?” एवढंच विचारलं.

“काही विशेष नाही. त्यांनी माझंच बोलणं मला वाचून दाखवलं. हे तुम्ही म्हणालात का? मी म्हटलं, हो. मग म्हणाले, आणखी काही सांगायचं आहे? मी गेटच्या सिस्टिमबद्दल सांगितलं. आणि सगळ्यांची माफी मागितली.”

“सगळ्यांची म्हणजे?”

“एचआरची. त्यांचाही वेळ गेला. टीमची, त्यांना आता नव्या माणसाशी जुळवून घ्यावं लागेल. क्रेगचीसुद्धा मागितली. येताना देवला भेटलो, तो बिचारा रडत होता, त्यालाही सॉरी म्हटलं.”

त्याचा आवाज थकला होता, पण शांत होता. सगळं नीट करून, कुठेही काही बाकी न ठेवता घरी आलेल्या माणसाचा आवाज. चाडीचुगली नाही, आरडाओरडा नाही. मोरींना अभिमान वाटला असता.

मी हाताची कणीक खरवडत म्हटलं, “दोघींची राहिली.”

“काय?”

“माफी. माझी आणि अक्षराची. आज साडेतीनला ती नेटबॉलहून येईल, तिला सांगायचंय की तिची शाळा बहुतेक सुटली. क्रेगची मागितलीस, देवची मागितलीस, शनिवारी माझ्या वतीने हायामासानांचीसुद्धा मागून झाली. आमच्यापुढे कधी वाकणार आहेस?”

मी थट्टा करतेय का ते त्याला कळत नव्हतं. मग तो जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसला. थकलेलं, प्रेमाचं हसू. ते प्रेमाचं होतं म्हणूनच मला जास्त चीड आली.

“आपल्यात कसली आलीय माफी,” तो म्हणाला. “तू काय परकी आहेस?”

आमच्याकडे आई-आजीही हेच म्हणायच्या, आणि नागोयालाही मी हेच पाहिलं. घरच्यांना सॉरी नाही, घरच्यांना थँक्यू नाही. दोन्हीकडच्या या रीतीचं मी इतकी वर्षं कौतुकच करत आले. त्या दुपारी, कणकेचे हात घेऊन उभी असताना, लग्नानंतर पहिल्यांदाच मला वाटलं, मी त्याची परकी असते तर फार बरं झालं असतं. परक्यांसाठी तो कमरेतून वाकतो.